मोठ्या बहिणीचा कौल

१२ जानेवारी १९९६

ही डायरी सिमेंटवाल्याने फुकट दिली. दर पानाच्या तळाला ‘भरवसा पायापासून’ असं छापलंय. एरवी असल्या डायऱ्यांवर आमची बायको सरोजिनी गरम टोप ठेवते. यंदा मी ठणकावून सांगितलं, हात लावायचा नाही, मी लिहिणार. कारण यंदा बिल्डिंग होतेय. आमच्या खाडीकाठच्या गावात ज्याच्या-त्याच्या घरावर माळे चढले, आणि कमळाकर मढवी अजून पत्र्याखाली झोपतोय. दिनानाथ बिल्डरला शब्द दिलाय, पाडव्याला पाया. चार माळे, खाली गाळे.

अडचण एकच, परसातली माउली. माउली म्हणजे खडक. काळा, कमरेएवढा, मांडी घालून बसलेल्या बाईसारखा, शेंदूर लावलेला. नकाशात नेमकी जिन्याच्या जागी येते. मी म्हटलं, उचलून गावदेवीच्या देवळात ठेवू, मान राहील. दिनानाथ (जमीनवाला दिसला की त्याला पाटीलबुवाच म्हणतो) म्हणाला, “पाटीलबुवा, खाली किती खोल गेलाय कुणाला माहीत? उचलायला गेलो की तुकडे होणार, आताच सांगून ठेवतो.”

आईला मी तुकड्यांचं बोललो नाही. फक्त ‘हलवायचीय’ म्हटलं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मना इचारून काय व्हनार? तिच्या मोठ्या भैनीला इचार.”

“कोण मोठी बहीण?”

“बैठी माई. वालवंटात र्‍हाते. तिनं हो म्हनलं तं हलव. नाय म्हनलं तं माज्यासमोर परत इषय काराचा नाय.”

म्हणे माझ्या आजोबांच्या वेळेला मिठागरावर एक मारवाडी व्यापारी यायचा, त्याने आमची माउली पाहिली आणि सांगितलं, आमच्या मुलखात हिची मोठी बहीण आहे. पंचेचाळीस वर्षांत मी हे पहिल्यांदा ऐकलं. पण जागा खरी आहे बरं का. स्वयंपाकघरात तुर्भ्याच्या हार्डवेअरवाल्याचं कॅलेंडर लावलंय, त्याच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या पानावर वाळवंटातल्या खडकाचा फोटो, खाली तेच नाव, बैठी माई! आईला अक्षरओळख नाही, तरी नाव बरोब्बर सांगितलं. मी चाट पडलो. सरोजिनीला मात्र त्याच वेळेला जोरात ठसका लागला, ती पाणी प्यायला मोरीकडे गेली.

१५ जानेवारी

गेले तीन दिवस डोकं पिकवलं. आई हलत नाही. दिनानाथला म्हटलं तर तो हसला, “म्हातारीला गावाबाहेरच्या भगताकडे न्या, कौल लावा, मिटवा.” पण आईला भगत नको. तिला मोठी बहीणच हवी.

मग मी विचार केला, जाऊन येऊ. नाहीतरी कौल म्हणजे काय? देवाच्या अंगाला दोन पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या, डावी आणि उजवी. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देव बोलत नाही, पाकळी बोलते. आणि पाकळ्या लावणार कोण? मी.

आईला सांगितलं, चल. तर ती खूश व्हायच्या ऐवजी हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मग म्हणाली, “खरंच नेशील?” मी म्हटलं, तिकिटं काढतो. ती उठली आणि दिवसभर ट्रंक आवरत बसली. आईचं माहेर मोरा बंदरातलं. आयुष्यातला तिचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे मोऱ्याहून लाँचने भाऊचा धक्का. बाबा तिला काशीला नेतो, नेतो म्हणता गेले.

८ फेब्रुवारी

उद्या निघायचं. आईच्या सामानाची तपासणी केली. लुगडी दोन. सुके बोंबील एक पिशवी. खाडीचं पाणी एक बाटली. मिठाचा एक खडा, शेवटच्या मिठागराचा, तिने इतकी वर्षं डब्यात जपलेला. ओल्या फडक्यात चाफा.

“आये, पाणी कशाला?”

“बिचारी वालवंटात बसलीय. खारा पानी कदी चाखला असंल का तिनं?”

“आणि बोंबील?”

“ते मना.”

माझ्या सामानात एक वस्तू जास्त आहे. डिंकाची बाटली. आपल्याला बिल्डिंग बांधायचीय, देवाने उगाच घोळ घालू नये म्हणून थोडी मदत. डावी पाकळी पडलीच नाही म्हणजे प्रश्नच मिटला. पाप वगैरे काही नाही. सरोजिनीने बाटली बघितली आणि विचारलं, “पाकिटं चिकटवणार आहात का तिकडे?” मी म्हटलं, दिनानाथला पत्र पाठवायचंय. तिने मान डोलावली, पण तिचे डोळे मला काही बरे वाटले नाहीत.

१० फेब्रुवारी, गाडीत

अहमदाबादला गाडी बदलली. डब्यात सगळी मारवाडी मंडळी, शुद्ध शाकाहारी. आईने दुपारी पिशवी सोडली. पुढचं काय लिहू? समोरची शेठाणी नाकाला पदर लावून उठली, तिच्यामागे तिचं खटलं उठलं, आणि आम्हाला दोन अख्खी बाकं पाय पसरायला मिळाली. आई म्हणाली, “मानसं चांगली हायत, जागा दिली.”

संध्याकाळी मात्र तीच शेठाणी परत येऊन बसली. आईने पिशवीला गाठ मारली होती. दोघींचं जमलं. हिची आगरी, तिची मारवाडी, मध्ये दोघींची मोडकी हिंदी. शेठाणीने विचारलं, कुठे चाललात? आई म्हणाली, “हमारे माउली का आत्या है उदर. मेरे सपने में आयी थी.”

मी चमकलो. घरी बहीण होती, इथे आत्या झाली. घरी व्यापारी होता, इथे स्वप्न आलं. वय झालंय तिचं, विसरते. मला वाईट वाटलं. मी तिच्या अंगावर शाल घातली, तर म्हणाली, “उकरतंय रे मना.” (उकडतंय म्हणायचं होतं तिला. आमच्याकडे ड येत नाही, र येतो.)

१२ फेब्रुवारी

जोधपूरच्या पुढे छोटी गाडी. खिडकी बंद केली तरी वाळू आत. दातांत वाळू, चहात वाळू, डायरीतही वाळू, हे पान खरखरतंय. आई खिडकीला नाक लावून बसलीय, लहान पोरीसारखी. उंट दिसला की मला कोपराने ढोसते. सगळे उंट मी पाहिले. न पाहून सांगतो कुणाला!

“कमल्या, यवरी मोकली जागा! अन् कोनीच बांधत नाय?”

मलाही तेच वाटत होतं. एवढी जमीन आणि एक चाळ नाही.

१३ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहितो.

सकाळी जीप केली. ड्रायव्हर मानसिंग, मिशा कानापर्यंत. आईने पहिल्या मैलातच त्याला भाचा करून टाकलं. “हमारी भैन के गाव का है, तो भाचा हुआ ना!” तो म्हणाला, कौन बहन? आईने सगळी हकिकत सांगितली, यावेळी परत बहीण आणि परत व्यापारी. मानसिंगने गाडीच थांबवली. मागे वळून आईकडे बघत राहिला. “हमारी माई की छोटी बहन है? समंदर के पास?” आणि वाटेत जी वस्ती लागली तिथे उतरून तो काहीतरी सांगून आला. मी म्हटलं, कशाला गाजावाजा?

मग माई दिसली. फोटोत कळत नाही. सपाट वाळूत एकटाच खडक, आमच्या गावाच्या देवळाहून मोठा, पिवळा-तांबूस, आणि खरोखर बसलेली बाई. मांडी, खांदे, डोक्यावरून घेतलेला पदर. शेंदूर नाही, घंटा नाही, पत्र्याचं छत नाही, देणगीदारांची नावं नाहीत. मी पहिल्यांदा काय विचार केला तो लिहितोच: खाली किती खोल गेली असेल? दिनानाथचाच प्रश्न!

मी नारळ काढला तर मानसिंगने हात धरला. इथे फोडायचं नाही, रंग लावायचा नाही, वर चढायचं नाही. आणि माईची सावली दिवसभरात जिथे जिथे फिरते, तिथे कुणी खांब रोवत नाही, खड्डा खणत नाही, झाड तोडत नाही. सकाळी ती पश्चिमेला लांब जाते, संध्याकाळी पूर्वेला. ती सगळी जागा माईची. मी मनात म्हटलं, बाई, बसल्या बसल्या केवढा प्लॉट अडवलास!

“फूल पानी से लगाऊं? चलेगा?” मी विचारलं. पाणी चालेल म्हणाला. इथे पाणी देणं म्हणजे मोठंच देणं.

आईने हात जोडले, खाडीचं पाणी माईच्या पायाशी ओतलं, मिठाचा खडा ठेवला. मग म्हणाली, “तू इचार. तुला पायजे ना.” मी चाफ्याच्या दोन पाकळ्या ओल्या करून लावल्या. लावता क्षणी दोन्ही पडल्या. दगड इतका तहानलेला की पाणी पिऊनच टाकतो. परत लावल्या, परत पडल्या. आमचा कौल ओल्या हवेतला, या मुलखात चालेना.

“उत्तर नाय देत,” आई म्हणाली. “रागावली का काय?”

मी म्हटलं, आये, तू सावलीत बस, मी नीट लावतो. पाठ केली, बाटली काढली, डावीला डिंक, उजवीला पाणी. मोठ्याने म्हणालो, “माई, धाकटीला हलवू का? हो असेल तर उजवी दे.” उजवी तर माझं वाक्य संपायच्या आधीच पडली. डावी ठाम. मी ओरडलोच, “हो म्हणाली! आये, हो म्हणाली!”

आई उठून आली. डाव्या पाकळीकडे बघितलं. वाऱ्याने ती नुसती थरथरत होती. आईने बोटाने ती सोडवली, जरा जोर लावूनच, मग बोटं एकमेकांवर चोळली आणि पदराला पुसली. “बरं,” म्हणाली. बास. तिला काही कळलं नाही, देवाची कृपा.

मग ती तिथेच वाळूत बसली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. “मी लगीन होऊन आलू तवा परसाच्या मागं भातशेत व्हता. त्येच्या मागं मिठागर. त्येच्या मागं खारी. शेत जेलं, आगर जेला, खारीपन मागं जेली. तुजा बाप जेला. मी आलू तवाची माउली एकलीच हाय, जिथं व्हती तिथं.” मी बुटातली वाळू झाडत बसलो. उगाचच, सारखी सारखी.

तेवढ्यात वस्तीवरच्या बायका आल्या. घोळकाच. मानसिंगचं काम! लाल-पिवळ्या ओढण्या, हातभर बांगड्या, आणि गाणं म्हणत. माईच्या धाकट्या बहिणीकडची माणसं आली म्हणून. त्यांनी आईला मध्ये घेतलं, एकेकीने मिठी मारली. पायाशी ठेवलेल्या खड्याचा कण प्रत्येकीने जिभेवर ठेवला आणि हसल्या. सगळ्यात म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या डोक्यावरची ओढणी काढून आईच्या हातात दिली. मानसिंगने सांगितलं, “छोटी को ओढा देना. बोलना, बडी ने भेजी है. इतने साल कोई आया नहीं, इसलिए नहीं भेजी.”

आई त्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली. मी आईला बाबांच्या वेळेला पाहिलंय, तेव्हाही अशी रडली नव्हती. आणि मधेच ती हसायलाही लागली, डोळे पुसत, त्या बायकांना बोंबलांबद्दल काहीतरी सांगत. आई हसताना इतकी देखणी दिसते हे मला माहीतच नव्हतं.

मला कौल मिळालाय. म्हणजे मी खूश असायला हवं.

१९ फेब्रुवारी

घरी. सरोजिनीने विचारलं, काय म्हणाली मोठी बहीण? मी म्हटलं, हो म्हणाली. तिने आईकडे बघितलं, आईने तिच्याकडे बघितलं. मग आई म्हणाली, “मोठीनं हो म्हनलं. पन घर धाकटीचा हाय. आता तिलापन इचाराला लागंल.”

“आये! असं काही ठरलं नव्हतं!”

“मोठ्या भैनीच्या होकारावर धाकटीला घराभायेर कारतात कं? कंच्या गावात?”

ओढणी माउलीला घातली. जिन्याच्या जागी लाल-पिवळी ओढणी पांघरून बसलेली बाई. दिनानाथ जागा मोजायला आला होता, तो बघतच राहिला. म्हणाला, पाटीलबुवा, हे काय नवीन? मी म्हटलं, माहेरचं आहे.

२१ फेब्रुवारी

आज आईने स्वतः कौल लावला. मला लावू दिला नाही. म्हणाली, “तू दमलास. तिकरं लय म्हेनत केलीस.”

सकाळी दोन पाकळ्या लावल्या. विचारलं, “माउली, तुला हलवूं कं? हो आसंल तं उजवी दे.” डावी चहा व्हायच्या आत पडली. मी म्हटलं, पहिला कौल धरत नाहीत. आईने लगेच दुसरा लावला, उदार मनाने. परत डावीच पडली. मग म्हणाली, चल, डावीचा सोर, उजवी परंपर्यंत थांबू.

दुपार झाली, उजवी तिथेच. मी जेवून आलो, तिथेच. ऊन कलतं झालं, पाकळी वाळून तपकिरी झाली, कडा वर वळल्या, पण पडायचं नाव नाही. मुंग्या येऊन बघून गेल्या. मी हळूच फुंकर मारली. मग जोरात मारली. आई पायरीवर वाटाणे सोलत बसली होती, वर न बघता म्हणाली, “देवाला वारा नको घालू, सर्दी व्हईल.”

आई आत गेल्यावर मी बोटाने पाकळी चाचपली. चिकट!

धावत जाऊन बॅग उघडली. डिंकाची बाटली होती तिथेच होती, पण रिकामी. आणि धुऊन, पुसून, उपडी घातलेली.

मी परसात येऊन उभा राहिलो. डोक्यात नुसता जाळ. आईला जाब विचारायचा, पण कोणत्या तोंडाने? डिंक लावलाय असं म्हटलं तर ती विचारणार, डिंक असा लागतो हे तुला कसं ठाऊक? आई दारात आली. मागे सरोजिनी, तोंडात पदर कोंबलेला.

“कं रं? मनात काय हाय? बोल.”

“काही नाही.”

“उजवी परत नाय ना?”

“नाही पडत.”

आई माउलीजवळ आली, पाकळीकडे नीट निरखून बघितलं आणि मान डोलावली. “तिकरं डावी सुटत नव्हती, हिकरं उजवी सुटत नाय. भैनी-भैनींची सवय सारकीच!”

सरोजिनी तिथेच मटकन बसली आणि पोट धरून हसायला लागली. मी दोन मिनिटं रागाने लाल उभा होतो. मग मलाही हसू फुटलं, काय करणार! आम्ही तिघं परसात वेड्यासारखे हसत होतो आणि माउली ओढणी घेऊन मध्ये बसली होती. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी आईला सांगून टाकलं, “आये, हलवताना ती तुटणार होती. दिनानाथने आधीच सांगितलं होतं. तुला बोललो नाही.”

“मना म्हाईत हाय,” आई म्हणाली. “दगराला झारावानी खोल मुलं असतात रे. मी रोज तिच्याजवल बसतंय, मना कलनार नाय?”

२४ फेब्रुवारी

दिनानाथ भडकला. जिना सरकवायचा म्हणजे दोन गाळे जातात. मी म्हटलं, जाऊ देत. तो म्हणाला, बरं, दगड ठेवा, पण त्याला चिकटून भिंत घेऊ. मी त्याला सूर्य मावळेपर्यंत परसात बसवून ठेवलं. माउलीची सावली लांब लांब होत पार कुंपणाच्या पेरूपर्यंत गेली. मी चुना घेतला आणि तिच्या कडेने रेघ मारली.

“इथवर काही बांधायचं नाही.”

“पाटीलबुवा, ही कुठली पद्धत?”

“तिच्या मोठ्या बहिणीकडची,” मी म्हटलं.

१ मार्च

आज सरोजिनीने कॅलेंडरचं पान उलटलं. वाळवंटातली माई मागे गेली. मार्च-एप्रिलच्या पानावर दक्षिणेकडचा कुठलासा खडक आहे, चारी बाजूंनी समुद्र, वर भरती फुटतेय. खाली नाव छापलंय.

मी चहा पीत होतो. आई त्या फोटोसमोर येऊन उभी राहिली. कमरेवर हात, मान तिरकी. बराच वेळ बघत होती. सरोजिनीने तिच्या कानात काहीतरी वाचून दाखवलं. मी कप खाली ठेवला. त्या कॅलेंडरकडे बघितलं, मग आईकडे, मग परत कॅलेंडरकडे. जानेवारीतला सरोजिनीचा ठसका मला आत्ता ऐकू आला.

“कमल्या,” आई म्हणाली, “एक सांगाचा र्‍हायलाच बग. या दोघींच्या मधली एक भैन हाय. पान्यात र्‍हाते. पाया खनाच्या आदी तिला नाय इचारला तं रुसंल ती.”

एवढं बोलून ती माझ्याकडे बघायचीच थांबली, कॅलेंडरवरची धूळ पदराने पुसत राहिली, आहे तेवढी आणि नाही तेवढीसुद्धा.

मी उठलो, शर्ट चढवला. सरोजिनीने विचारलं, निघालात कुठे?

“तिकिटांची चौकशी करून येतो,” मी म्हटलं. “विचारायला तर पाहिजे ना. आणि तूही चल या खेपेला. डिंक नको घेऊस, बोंबील जास्त घे.”